गिरणगावातील कुटुंबजीवन (खानदेश)

खानदेशातील कापडगिरण्यांच्या आश्रयाने वाढलेल्या वस्त्यांमधील घरसंसाराची रीत. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाला आलेला भाव आणि त्याच सुमारास आलेली रेल्वे यांमुळे या भागात सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. जळगावची खानदेश मिल 1870च्या दशकातली, तर अमळनेरची प्रताप मिल प्रतापशेठ यांनी 1906 मध्ये स्थापन केलेली. धुळे आणि चाळीसगाव येथेही पुढे गिरण्या निघाल्या.

मुंबईच्या कामगाराचे गाव बहुधा शेकडो मैलांवर असे. खानदेशी कामगारांपैकी अनेकांची गावे मात्र पायी किंवा सायकलने गाठण्याजोगी होती आणि इथल्या कुटुंबाचा स्वभाव समजायचा तो यावरूनच. घरातला एक भाऊ साचेखात्यात (गिरणीच्या विणकाम विभागात), दुसरा शेतावर, अशी वाटणी होई. पगारातून बियाणे येई आणि शेतातून ज्वारी. गिरणी बंद पडली वा संप झाला तरी चूल पेटती राही, ती या ज्वारीवर.

घराचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पहिल्या पाळीचा माणूस जेवून निघावा म्हणून बाई अंधारात उठून भाकरी थापी. फडक्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा बांधला जाई. नंतर तिलाही रीळखात्यात (सूत गुंडाळण्याच्या विभागात) जायचे असेल, तर तान्हे मूल सासू किंवा थोरली मुलगी सांभाळी, आणि त्या मुलीची शाळा बहुधा तिथेच सुटे. 1891च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास मनाई केली. 1922 मध्ये ही मर्यादा 12 वर्षांवर गेली. मुंबई इलाख्यात 1929 साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला आणि 1948च्या कारखाने कायद्याने 50हून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. कागदावरची ही सोय सासूच्या मांडीइतकी भरवशाची कितपत होती, हा वेगळा प्रश्न.

पगार पुरुषाच्या हाती येई, पण किराण्याची उधारी, भिशी आणि लग्नाचे देणे यांचा हिशेब बाईच्या तोंडी असे. चाळीत अहिराणी बोलली जाई. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांसाठी (नैवेद्यासाठी) भाऊबंद एकत्र जमत; आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येत, झाडांना झोके बांधले जात, आणि गिरणीतल्या नवऱ्याला सुटी नसेल तर सासरची माणसे कुरकुरत. या सणांना हजेरी कमी होई, हे मुकादमाला न सांगता ठाऊक असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या आजारी पडू लागल्या. बदली कामगारांची (कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणाऱ्यांची) कुटुंबे आधी उघडी पडली. कायम कामगारांची मुले हातमाग वा यंत्रमागाऐवजी दुकानदारी, रिक्षा आणि सुरत-नाशिककडची नोकरी यांकडे वळली. जळगावात खानदेश मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल उभे आहे.