बबल टीमधला 'बबल' कुठला?

बबल टीच्या तळाशी बसलेले काळे गोळे म्हणजेच बबल, असं बहुतेकांना वाटतं. नाव खरं तर वरच्या फेसावरून पडलं. तैवानमध्ये १९८०च्या दशकात बर्फ आणि पाक घातलेला चहा शेकरमध्ये घुसळून द्यायची पद्धत रुजली. चहातल्या सॅपोनिन या साबणासारख्या घटकामुळे फेस टिकतो, म्हणून तो 'फेसाळ चहा'. टॅपिओकाचे, म्हणजे कसावा या कंदाच्या स्टार्चचे, गोळे त्यात मागाहून पडले. ते आधी कोणी घातले, यावरून ताइचुंगचं चुन शुइ तांग आणि ताइनानचं हानलिन ही दोन चहागृहं कोर्टात गेली. गोळ्यांना चिनी भाषेत मोती म्हणतात. मोठ्या गोळ्यांचं 'बोबा' हे नाव भरदार छातीसाठीच्या चावट शब्दावरून आलंय.

मला मात्र खरं कौतुक आहे ते गोळ्याच्या चिवटपणाचं. तैवानी लोक त्याला 'क्यूक्यू' म्हणतात. हे गोळे कसाव्याच्या स्टार्चचे. ६०-७० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि आतली स्फटिकी रचना मोडते. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. गोळा थंड झाला की या साखळ्या हायड्रोजन बंधांनी पुन्हा एकमेकींना बिलगतात, पाणी बाहेर पडतं आणि गोळा कडक होतो. यात अमायलोजला काही तास पुरतात, अमायलोपेक्टिनला दिवस लागतात. कसाव्यात अमायलोज साधारण १७ टक्के, मक्यात २५च्या घरात. म्हणून कसाव्याचा गोळा जास्त वेळ मऊ राहतो. ही जुळणी फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. शिजलेले गोळे फ्रिजमध्ये न ठेवता साखरेच्या पाकात ठेवतात आणि त्याच दिवशी संपवतात, ते यासाठीच. पाकातली साखर ही जुळणी लांबवते.

आपला साबुदाणाही कसाव्याचाच, बराचसा तमिळनाडूतल्या सेलमचा. फ्रिजमधली खिचडी दुसऱ्या दिवशी टणक लागते, पण पाण्याचा हबका मारून वाफवली की बरीचशी मऊ होते. कारण अमायलोपेक्टिनची नवी जुळणी ६० अंशांच्या आसपास सुटते. अमायलोजची सुटायला १००च्या वर जावं लागतं, म्हणून थोडा कडकपणा उरतोच.

उपवास आला की व्हॉट्सॲपवर 'प्लास्टिकचा साबुदाणा' फिरू लागतो. असले मेसेज पुढे ढकलण्याआधी शिजलेल्या दाण्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. आयोडीन अमायलोजच्या वेटोळ्यांत शिरतं आणि दाणा निळा-काळा होतो. प्लास्टिकमध्ये ही वेटोळी नसतातच.