टॉमकॅटमधल्या शेअर्ड लायब्ररींची जागा

अपाची टॉमकॅट ह्या जावा वेब सर्व्हरवर अनेक अ‍ॅप चालत असतील तर सगळ्यांना लागणाऱ्या जार फायली (जावाच्या तयार कोडची, म्हणजे लायब्ररींची पाकिटं) कुठे ठेवायच्या, हा प्रश्न दिसतो छोटा पण मतं दोन आहेत: सगळ्यांसाठी एकाच सामायिक जागी, की ज्याच्या त्याच्या अ‍ॅपमधे. आताच्या आवृत्त्यांत सामायिक जागा म्हणजे कॅटलिना बेस किंवा कॅटलिना होम (टॉमकॅटचे मुख्य फोल्डर) ह्यांखालचा लिब फोल्डर, अ‍ॅपची स्वतःची जागा अ‍ॅपच्याच वेब-इन्फ फोल्डरमधला लिब.

आधी, ५.५ पर्यंत, तीन कप्पे होते: कॉमन टॉमकॅट आणि अ‍ॅप दोघांना दिसायचा, सर्व्हर फक्त टॉमकॅटला, शेअर्ड फक्त अ‍ॅप्सना. ६.० मधे, साधारण २००६-०७ च्या सुमारास, ह्याचा एकच लिब झाला. पण जुनी विभागणी पुरती गेली नाही, कॅटलिना प्रॉपर्टीज ह्या सेटिंगच्या फायलीत सर्व्हर लोडर आणि शेअर्ड लोडर ह्या ओळी अजून आहेत, फक्त रिकाम्या असतात. शेअर्ड लोडरपुढे आपल्या फोल्डरचा पाथ, शेवटी /*.jar लावून, टाकला की झालं, आणि टॉमकॅटच्या जारमधे आपल्या जार मिसळण्यापेक्षा हे बरं, अपग्रेडच्या वेळी कुठली कोणाची हे शोधत बसावं लागत नाही.

खरी गुंतागुंत क्लास लोडरची, म्हणजे क्लास (कोडचे तुकडे) शोधून मेमरीत आणणाऱ्या भागाची. जावात एरवी आधी पॅरेंट, म्हणजे वरच्या पायरीच्या लोडरला विचारतात, टॉमकॅटमधे अ‍ॅपचा लोडर जावाचे मूळ क्लास सोडले तर आधी वेब-इन्फमधे बघतो आणि मग लिबमधे (सर्व्हलेट एपीआय, म्हणजे अ‍ॅप आणि सर्व्हर ज्यातून बोलतात ते क्लास, अपवाद, ते सर्व्हरचंच वापरलं जातं). त्यामुळे एकच जार दोन्हीकडे राहिली तर एकाच नावाचे दोन क्लास तयार होतात, कारण जावात क्लासची ओळख नाव अधिक लोडर अशी असते, आणि मग क्लासकास्ट एक्सेप्शनमधे (एका क्लासची वस्तू दुसऱ्या क्लासची मानता येत नाही ह्या एररमधे) दोन्हीकडे तेच नाव बघून माणूस चक्रावतो. उलट दिशेला लिबमधल्या क्लासला अ‍ॅपमधले क्लास दिसतच नाहीत, आणि तिथली स्टॅटिक व्हेरिएबल (पूर्ण क्लासला मिळून एकच असणारी) सगळ्या अ‍ॅप्समधे एकच असतात, हे विसरलं की एका अ‍ॅपने बदललेलं सेटिंग दुसऱ्यात उगवतं.

जेडीबीसी ड्रायव्हरबद्दल (जावाला डेटाबेसशी जोडणारी जार) मात्र फारसा वाद नाही. कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा, टॉमकॅट स्वतः बनवत असेल तर ड्रायव्हर लिबमधेच लागतो. अ‍ॅपमधे ठेवला आणि अ‍ॅप बंद होताना डीरजिस्टर केला नाही, म्हणजे त्याची नोंद काढली नाही, तर मेमरी लीकचा (मेमरी अडकून राहण्याचा) धोका, म्हणून ६.०.२४ पासून टॉमकॅट असे ड्रायव्हर स्वतःच काढून लॉगमधे तसं लिहितो.

बाकीच्या जार सामायिक ठेवल्या तर मेमरी वाचते हे एका बाजूचं म्हणणं खरंच आहे, पण आवृत्ती बदलायची तर सगळी अ‍ॅप एकदम तपासावी लागतात आणि सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, त्यामुळे ज्याची जार त्याच्याच वेब-इन्फमधे हे मत जास्त पटण्यासारखं आहे.