‘किंमत काढा’ ते ‘सिद्ध करा’ : पदवीच्या शुद्ध गणिताची पार्श्वभूमी

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यातील अनेक विद्यार्थी दरवर्षी बारावीनंतर बी.एस्सी.ला गणित हा विषय घेतात. तोवर त्यांनी सोडवलेली बहुतेक उदाहरणे एकाच आज्ञेने संपणारी असतात : सीमा काढा, विकलज काढा, क्षेत्रफळ काढा. उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते आणि ते जुळले की उदाहरण सुटले. पदवीच्या पहिल्याच सत्रात प्रश्नांचे रूप पालटते. ‘ही क्रमिका अभिसारी आहे हे सिद्ध करा’, ‘अशा गुणधर्माचे फल असू शकत नाही हे दाखवा’ असे प्रश्न येतात. जे गाठायचे ते प्रश्नातच सांगितलेले असते आणि मागे जुळवून पाहण्यासारखे काही उरत नाही. बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलेही येथे अडखळतात आणि आपल्याला गणित जमत नाही, अशी समजूत करून घेतात. माझ्या मते ही अडचण बुद्धीची नाही. आकडेमोडीच्या गणिताकडून सिद्धतेच्या गणिताकडे येण्यास युरोपातील नामांकित गणितज्ञांनाही अनेक दशके लागली, आणि आपल्या विद्यापीठीय परीक्षा ज्या परंपरेतून आल्या तिने हा पल्ला सर्वांत उशिरा ओलांडला. हा इतिहास विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. ठाण्याला रेल्वे येऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. विद्यापीठाची रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती : शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. गणितापुरता आदर्श मात्र केंब्रिजचा होता. तेथून शिकून आलेले प्राध्यापक आणि टॉडहंटरसारख्या केंब्रिजच्या लेखकांची पाठ्यपुस्तके यांच्यामार्फत तो भारतातील वर्गांत पोहोचला.

केंब्रिजच्या ‘ट्रायपॉस’ या परीक्षेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिचा ठसा आपल्या प्रश्नपत्रिकांवर अजूनही ओळखू येतो. ही लेखी परीक्षा अनेक दिवस चाले. प्रश्नाच्या पहिल्या भागात पुस्तकातील प्रमेय जसेच्या तसे मांडायचे आणि दुसऱ्या भागात त्यावर आधारलेले एखादे उदाहरण सोडवायचे, अशी घडण असे. ‘प्रमेय लिहा व सिद्ध करा, आणि त्यावरून पुढील निष्कर्ष काढा’ हा आपल्या परिचयाचा साचा तोच. प्रथम श्रेणीत आलेल्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांची गुणानुक्रमे यादी जाहीर होई. पहिला आलेला तो सीनियर रँग्लर. वेग आणि युक्त्या यांना या स्पर्धेत इतके मोल होते की विद्यार्थी महाविद्यालयातील व्याख्यानांपेक्षा खासगी शिकवण्यांवर भिस्त ठेवत. एडवर्ड राउथ या शिक्षकाच्या हाताखालून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर तयार झाले. नौपाड्यात किंवा वाशीत क्लासच्या पाट्यांवर गुणवंतांची छायाचित्रे पाहणाऱ्याला या पद्धतीत फारसे अपरिचित काही वाटणार नाही.

या यादीत १८९९ साली एक मराठी नाव अग्रस्थानी आले. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर ठरले आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. महाराष्ट्रात ही पदवी त्यांच्या नावाचा भागच बनली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रँग्लर परांजप्यांच्या यशाने मराठी घरांत गणिताला जी प्रतिष्ठा मिळाली तिचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही ही प्रतिष्ठा ज्या प्रकारच्या गणिताला मिळाली ते प्रामुख्याने कठीण, चतुर आकडेमोडीचे गणित होते, हेही नोंदवले पाहिजे.

त्याच शतकात इंग्लंडबाहेर वेगळे काम चालू होते. पॅरिसमधील एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या कोशीने १८२१ मध्ये आपली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि सीमा, सातत्य (फलाच्या किमतीत अचानक उडी नसणे), अभिसरण (एका ठरावीक किमतीच्या जवळ जवळ जात राहणे) यांना काटेकोर व्याख्या देण्याचा प्रयत्न केला. याच पुस्तकात त्याने एक विधान सिद्ध केल्याचे लिहिले : सतत फलांची श्रेणी अभिसारी असेल तर तिची बेरीजही सतत फल असते. हे विधान त्या रूपात टिकत नाही. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने ज्या (साइन) या त्रिकोणमितीय फलांच्या एका श्रेणीचे उदाहरण देऊन या प्रमेयाला अपवाद असल्याचे दाखवले.

येथे थोडे थांबून प्रत्यक्ष उदाहरण पाहावे, कारण द्वितीय वा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर नेमके हेच उदाहरण येते. ० ते १ या अंतरालावर क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन अशी फले क्रमाने घ्यावीत. प्रत्येक फल सतत आहे. क्ष हा १ पेक्षा लहान असेल तर घात वाढेल तशी किंमत ० कडे जाते, आणि क्ष = १ असताना ती कायम १ राहते. म्हणजे सीमाफल सर्वत्र ० आहे आणि शेवटच्या बिंदूवर अचानक १ होते. सातत्य तुटले. ते कोठे तुटले हे आकड्यांतून दिसते. किंमत १/२ च्या खाली आणायची असेल तर क्ष = ०.९ साठी सातवा घात पुरतो, ०.९९ साठी ६९ वा घात लागतो आणि ०.९९९ साठी ६९३ वा. प्रत्येक बिंदूसाठी पुरेसा मोठा घात सापडतो, पण सर्व बिंदूंना पुरेल असा एक घात सापडत नाही. ‘प्रत्येक बिंदूसाठी एक घात आहे’ आणि ‘एक घात असा आहे की जो प्रत्येक बिंदूसाठी चालतो’ या दोन वाक्यांतील फरक कोशीच्या मांडणीत स्पष्ट झालेला नव्हता. तो स्पष्ट होऊन एकसमान अभिसरणाची, म्हणजे सर्व बिंदूंना एकच टप्पा पुरेल अशा अभिसरणाची, कल्पना रूढ होण्यास आणखी काही दशके गेली, आणि बर्लिनमध्ये वायरस्ट्रासच्या व्याख्यानांतून ती विश्लेषणाच्या शिक्षणाचा कणा बनली. सीमेच्या व्याख्येतील एप्सिलॉन आणि डेल्टा या दोन लहान संख्यांच्या क्रमात, म्हणजे आधी कोणती दिली जाते आणि मग कोणती शोधायची यात, गोंधळणाऱ्या विद्यार्थ्याची चूक ही त्यामुळे अत्यंत प्रतिष्ठित घराण्यातील चूक आहे, आणि ती तशीच समजावून सांगितली पाहिजे.

वास्तव संख्या म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही शिकवण्याच्या गरजेतूनच धसाला लागला. झुरिकमध्ये कलनशास्त्र शिकवताना डेडेकिंडला १८५८ मध्ये जाणवले की वाढत जाणारी आणि मर्यादित असलेली क्रमिका एखाद्या सीमेकडे जाते, हे आपण आकृती दाखवून पटवतो. त्याला अंकगणितात आधार नाही. त्याने शोधलेले उत्तर १८७२ मध्ये छापले गेले. आज ही सारी सामग्री पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात काही आठवड्यांत उरकली जाते.

केंब्रिजला या लाटेची दखल घेणे भाग पडले ते विसाव्या शतकाच्या तोंडाशी. जी. एच. हार्डी स्वतः १८९८ च्या परीक्षेत चौथा रँग्लर होता, तरी शुद्ध विश्लेषण म्हणजे काय हे त्याला झोर्दां या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथातून उमगले. १९०८ मध्ये हार्डीने इंग्रजी विद्यार्थ्यांसाठी शुद्ध गणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि ट्रायपॉसच्या गुणानुक्रमावर सातत्याने टीका केली. १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी जाहीर करणे बंद झाले. परांजपे सीनियर रँग्लर झाल्यास तेव्हा दहा वर्षे झाली होती. आपल्याकडे आदर्श म्हणून जी पद्धत रुजली ती तिच्या मूळ गावी मोडीत निघाली, पण येथे तिचा साचा दीर्घकाळ टिकून राहिला. त्याचे कारण मला महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायची या संलग्नतेच्या पद्धतीत दिसते. शेकडो उत्तरपत्रिका वेगवेगळ्या परीक्षकांनी तपासायच्या असतील तर छापील सिद्धतेशी ताडून पाहता येणारे उत्तर सोयीचे ठरते. विद्यार्थ्याने स्वतः शोधलेली, कदाचित अर्धवट पण खरी सिद्धता तपासायला वेळ आणि विश्वास दोन्ही लागतात.

सिद्धता ही वस्तू आपल्याला परकी होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. कोकणकिनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने सोळाव्या शतकात ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत भास्कराचार्यांच्या नियमांच्या उपपत्ती, म्हणजे सिद्धता, दिल्या. नियम का चालतो, हे सांगितल्याशिवाय गणित पुरे होत नाही ही जाण त्या टीकेत आहे. नव्या विद्यापीठाने मात्र ही परंपरा हाती घेतली नाही.

ठाणे जिल्ह्याशी ज्यांचे नाते आहे असे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या संदर्भात आठवतात. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा; डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघरमध्ये येते. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी देवळालीत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढले आणि फावल्या वेळात संख्यांचा अभ्यास केला. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ पासून निघालो तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, नंतर ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, नंतर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि मग तेथेच मुक्काम.

हे गमतीचे गणित पदवीच्या पातळीचा प्रश्न कधी बनते? ‘प्रत्येक संख्येच्या बाबतीत असेच घडते हे सिद्ध करा’ असे म्हटले की. आरंभाचे शून्य चालते असे धरले तर तपासायच्या संख्या ९९९० होतात आणि हाताने तेवढ्या तपासणे कोणी करणार नाही. आता अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे लिहावेत. वजाबाकी केल्यावर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढे उरते. म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही, फक्त दोन फरकांवर आहे. पहिला फरक १ ते ९ मधील कोणताही असू शकतो आणि दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका. अशा जोड्या २ + ३ + … + १० म्हणजे ५४ भरतात. ९९९० संख्यांचा प्रश्न ५४ जोड्यांवर आला, आणि तेवढ्या एका दुपारी कागदावर तपासून होतात. कोणतीही संख्या सात पायऱ्यांच्या आत ६१७४ ला पोहोचते हेही त्यातच कळते. शुद्ध गणितातील प्रश्न सोडवणे म्हणजे बहुतेक वेळा हेच असते : प्रश्नाचे उत्तर कशावर अवलंबून नाही हे ओळखणे. या सिद्धतेला नववीच्या पलीकडचे काही लागत नाही, तरीही ‘किंमत काढा’च्या सवयीतून ती सुचत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात एप्सिलॉनच्या आधी असे दोन-चार प्रश्न द्यावेत, असे मला वाटते.

सोडवण्यासाठीचे प्रश्न हाच अभ्यासक्रम मानण्याची कल्पना प्रथम ठळकपणे दिसते ती पोल्या आणि सेगो यांच्या १९२५ च्या जर्मन प्रश्नसंग्रहात. त्यात प्रश्न विषयवार न लावता सोडवण्याच्या पद्धतीनुसार लावले होते. अमेरिकेत १९३८ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पटनम स्पर्धा सुरू झाली. सहा तासांत बारा प्रश्न, एकूण १२० गुण, आणि अनेक वर्षी निम्म्या स्पर्धकांना जेमतेम एखादा गुण मिळतो.

भारतात हा प्रवाह येण्यास बराच वेळ लागला. संशोधनासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये उभी राहिली, पण पदवीच्या वर्गाकडे संघटित लक्ष गेले ते अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ स्थापन केल्यानंतर. या मंडळाच्या पाठबळावर १९९३ मध्ये एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हे उन्हाळी प्रशिक्षण सुरू झाले. त्यामागे मुंबई विद्यापीठात शिकवलेले प्रा. एस. कुमारेसन होते. तेथे व्याख्यान उतरवून घ्यायचे नसते; शिक्षक प्रश्न टाकतो, उदाहरणे मागतो आणि प्रमेय विद्यार्थ्यांकडून वदवून घेतो. पदवीच्या गणितासाठी आपल्या देशात झालेल्या कामांत मी याला सर्वांत वरचे स्थान देईन, कारण त्याने प्रश्नपत्रिकेला हात न लावता वर्गातील संभाषण बदलले.

शालेय पातळीवर भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये उतरला आणि १९९६ चे ऑलिम्पियाड मुंबईत झाले. ऑलिम्पियाडचे काम पाहणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, म्हणजे वाशीहून खाडीपूल ओलांडला की पुढचेच स्थानक. याच केंद्राच्या आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या गणित विभागाच्या सहकार्याने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा घेतली जाऊ लागली. संगमग्रामच्या ज्या माधवाचे नाव तिला दिले आहे, त्याच्या परंपरेने चौदाव्या-पंधराव्या शतकात केरळमध्ये अनंत श्रेणींचे गणित केले.

या सर्व प्रवासाला अलीकडे उलट दिशेची एक ओढ लागली आहे आणि तिची मला काळजी वाटते. पदवीनंतर आयआयटीत एम.एस्सी.साठी जी ‘जॅम’ परीक्षा द्यावी लागते ती आज संगणकावर होते. तिच्या साठ प्रश्नांत पर्याय निवडायचे असतात किंवा संख्या भरायची असते. सिद्धता लिहिण्यास जागाच नसते. त्या परीक्षेचे प्रश्न चांगले असतात आणि त्यांना खरी समज लागते, यात शंका नाही. तथापि तयारी करणारा विद्यार्थी तृतीय वर्षात पुन्हा उत्तर जुळवण्याकडे वळतो, आणि एकसमान अभिसरणाच्या प्रश्नात प्रतिउदाहरण (विधान खोटे ठरवणारे उदाहरण) आठवले की पुढचा प्रश्न घेतो. ते प्रतिउदाहरण का चालते, हे चार ओळींत नीट लिहून दाखवण्याची संधी त्याला सत्रपरीक्षेत, माधव स्पर्धेत किंवा प्रवेशाच्या एखाद्या मुलाखतीत मिळते, आणि त्या चार ओळींचा सराव वर्गात फळ्यापाशी उभे राहूनच करावा लागतो.