शिलावर्तुळे परक्या टोळ्यांनीच उभारली का?

नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती वर्तुळात मांडलेले मोठे दगड, दूरदेशीहून आलेल्या भटक्या टोळ्यांनी उभारली, हा समज विदर्भात फार जुना आहे आणि तो पुराव्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातील विचारपद्धतीवर अधिक उभा आहे. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879 मध्ये येथील दगडांवर ओळीने कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधील खुणांशी केली. साम्य दिसले की स्थलांतर झालेच, असे मानण्याचा तो काळ होता.

1960 च्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी हा तर्क अपुरा ठरवला आणि लोक कसे जगत होते, परिसराशी कसे जुळवून घेत होते, हे प्रश्न पुढे आणले. 1980 च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ इयन हॉडर यांनी वस्तूंना त्या समाजात कोणता अर्थ होता, यावर भर दिला. अर्थात वस्तूंमधील साम्य पाहण्याची जुनी पद्धत टाकाऊ ठरली नाही. खापरांवरून कालक्रम लावणे आजही तिच्याच आधारे चालते.

नागपूर जिल्ह्यातच अशी शिलावर्तुळे असलेल्या नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, म्हणजे लोखंड येथेच तयार होत होते. बाहेरून कोणीच आले नाही, असे यातून सिद्ध होत नाही. मात्र केवळ साम्यावरून या वर्तुळांचे कर्तेपण परक्यांना देणे मुळीच टिकत नाही.