भाच्याचा कॅमेरा: ९५ की ८१?

मागच्या डिसेंबरात भाचा घरी आला तो मोबाईल पुढे करूनच. "मामा, सेकंडहँड कॅमेरा घ्यायचाय, हे दोन मिळतायत सारख्याच पैशात, निकॉनचा डी८०० आणि कॅननचा फाईव्ह डी मार्क थ्री. पण बघ ना, निकॉनला ९५ मार्क आणि कॅननला ८१. मग ८१ वाला घेतं कोण?"

दहावीचा निकाल लागल्यासारखं तोंड होतं त्याचं. मी म्हटलं चहा घे आधी.

हे मार्क देते डीएक्सओमार्क नावाची फ्रेंच टेस्ट, २००८ पासून. लॅबमध्ये सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, मोजून-मापून प्रकाश टाकतात, रॉ फाईल (सेन्सरचा कच्चा डेटा) घेतात आणि तीन गोष्टी बघतात. रंगांच्या किती छटा वेगळ्या ओळखता येतात, एकाच फोटोत सगळ्यात उजेडाच्या आणि सगळ्यात काळोख्या जागेत किती अंतर सांभाळता येतं (ही डायनॅमिक रेंज), आणि आयएसओ (अंधारात सिग्नल मोठा करायची सेटिंग) किती वाढवला तरी फोटो बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. या तिघांचा मिळून एक आकडा काढतात आणि आपण सगळे तोच आकडा घेऊन भांडत बसतो. त्यांच्याच हिशोबाने १५ मार्क म्हणजे एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, आणि ५ मार्क म्हणजे स्टॉपचा तिसरा हिस्सा. तो डोळ्याला जेमतेमच दिसतो, म्हणजे ९३ का ९६ यावर झोप घालवायचं काही कारण नाही.

पण ९५ आणि ८१ मध्ये १४ मार्कांचा फरक आहे, जवळजवळ अख्खा स्टॉप. भाच्याचं काय चुकलं मग? चुकलं हे, की तो बेरीज बघत होता, विषयवार मार्क बघितलेच नव्हते. डायनॅमिक रेंजमध्ये निकॉन १४.४ स्टॉप आणि कॅनन ११.७, म्हणजे २.७ स्टॉपचा, साधारण साडेसहा पटीचा फरक. आणि कमी उजेडाच्या विषयात? निकॉन आयएसओ २८५३ आणि कॅनन २२९३. आकडे मोठे दिसतात पण फरक जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा. म्हणजे आपली बरीचशी गॅप एकाच पेपरातली आहे.

आता एकाच पेपरात एवढी का, यातच खरी गंमत आहे.

फोटोतली जी रवाळ घाण असते, नॉइज, ती सगळी कॅमेऱ्याची चूक नसते. श्रावणातली भुरभुर चालू असताना ओट्यावरच्या शहाबादी फरशा बघा. पाऊस सगळीकडे सारखाच, पण एका फरशीवर ९ थेंब, शेजारच्या फरशीवर १४, तिसरीवर ६. प्रकाशाचे कण, फोटॉन, असेच वाट्टेल तसे पडतात. पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन आले तर साधारण १० चा चढउतार होणारच, म्हणजे १० टक्के, पण १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. संख्येचं वर्गमूळ, बस. म्हणून अंधारात फोटो खराब येतो, कारण पाऊसच कमी पडला, आणि याच्यावर कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही.

दुसरी घाण मात्र कॅमेऱ्याच्या पोटातली. पिक्सेलमध्ये जमलेला चार्ज वाचून त्याचा आकडा करताना सर्किट स्वतःची थोडी खरखर घालतं. डी८०० चा सेन्सर सोनीने बनवलेला, त्यात पिक्सेलच्या प्रत्येक उभ्या रांगेला तिथल्या तिथे, सेन्सरवरच आकडा होतो. त्या काळच्या कॅननमध्ये कच्चा सिग्नल सेन्सरच्या बाहेर दुसऱ्या चिपपर्यंत जायचा आणि वाटेत कचरा गोळा करायचा. आयएसओ कमी असला की सिग्नल बारीक आणि त्यात हा कचरा, त्यामुळे सावल्यांचा सत्यानाश. पण आयएसओ वाढवला की सिग्नल आधी मोठा होतो आणि मग प्रवासाला निघतो, मग वाटेतला कचरा त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. म्हणून आयएसओ १६०० च्या पुढे हे दोघं जवळजवळ बरोबरीत येतात. आणि डीएक्सओमार्क डायनॅमिक रेंजचा जो आकडा छापतं तो सगळ्यात कमी आयएसओचा!

भाच्याला हे पटेना. दोन्ही कॅमेरे मित्रांकडून एका दिवसासाठी आणले. सकाळी नाशिकच्या गोदाघाटावर, पंचवटीच्या बाजूने ऊन समोरून येत होतं, पाणी चमचम करतंय आणि काळ्या दगडी पायऱ्या पूर्ण सावलीत, त्यावर एक आजी स्टीलचा तांब्या घेऊन बसलेल्या. आयएसओ १००, दोन्हीचं एक्सपोजर सारखं. घरी लॅपटॉपवर सावल्या चार स्टॉप उचलल्या. निकॉनमध्ये पायरीवरची शेवाळं दिसायला लागली, आजींच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसला. कॅननमध्ये काठ होता, पण त्याच्यावरून उभ्या-आडव्या रेघा गेल्या होत्या, चाळणीतून बघितल्यासारख्या. भाचा खूष, "बोललो ना मी".

संध्याकाळी बहिणीच्या घरी देवघरासमोर, समईच्या उजेडात, आयएसओ ३२००. दोन्ही फोटो एकाच साईजचे करून शेजारी लावले, नावं झाकली. तीनदा विचारलं, दोनदा चुकला.

मग मी माझा जुनाट छोट्या सेन्सरचा कॅमेरा काढला, ज्याचे मार्क सांगायची पण लाज वाटते, त्याला पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा प्रकाश जास्त). आणि निकॉनला लावली एफ ५.६ वाली झूम. एफ ५.६ पेक्षा एफ १.८ मधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, मोठ्या सेन्सरचा फायदा फार तर सव्वा स्टॉपचा. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. लेन्स या मार्कांत धरलेलीच नाही, आणि ऑटोफोकसही नाही.

पक्ष्यांच्या फोटोत तर अजून एक फसगत आहे. हे मार्क सगळे फोटो एकाच साईजला, ८ मेगापिक्सेलला, आणून काढतात, म्हणजे अख्खी फ्रेम वापरली असं धरून. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पहाटे जाऊन बघा, टॉवरवरून पक्षी एवढासा दिसतो, आपण क्रॉप करून फ्रेमचा दहावा हिस्सा ठेवतो, मग उरलेल्या नऊ हिश्श्यांवर पडलेला प्रकाश गेला गोदावरीत, आणि ते ९५ मार्कही त्याच्याबरोबर. तिथे ६०० एमएमला एफ ६.३ ऐवजी एफ ४ असेल तर १.३ स्टॉप मिळतात, मार्कांच्या भाषेत सुमारे २०. ती लेन्स परवडत नसेल (कुणाला परवडते!) तर थर्मासमधला चहा संपेपर्यंत ऊन वर येऊ द्या.

लँडस्केपवाल्याला मात्र मी आजही निकॉनच सांगेन. अंजनेरीवरून सूर्योदय टिपायचा, ढग जळू द्यायचे नाहीत आणि दरीही काळी नको, तर ते २.७ स्टॉप सोन्यासारखे आहेत.

भाच्याने शेवटी ८१ वाला घेतला. त्याला काढायची होती रंगपंचमीची रहाड, म्हणजे पोरं उड्या मारतात तो रंगाचा हौद, आणि कॅनन सेकंदाला ६ फोटो काढतो, निकॉन ४. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून गर्दीत घुसला होता. एका फोटोत धप्पा (हौदात उडी) मारणारा पोरगा हवेत आडवा आहे, गुडघे पोटाशी, खाली पाणी अजून सपाट. पुढच्याच फ्रेममध्ये नुसता रंग, पोरगा कुठेच नाही. पिशवी फाटलेली निघाली, कॅमेऱ्याच्या बटणांच्या फटीत अजून पिवळा रंग आहे, टूथब्रशने काढतोय.