मुक्त पतनाचं गणित चिन्हात चुकतं

३९.२ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू ९.८ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळात पडेल? सूत्रं तोंडपाठ असणाऱ्यांचंही उत्तर पुष्कळदा २ सेकंद येतं. बरोबर उत्तर ४ सेकंद आहे. घोळ होतो तो अधिक-उणे चिन्हांत.

म्हणून आधी आकृती काढावी. चेंडू सुटला तो बिंदू शून्य, वरची दिशा धन. मग सुरुवातीचा वेग +९.८, त्वरण (गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला वेगात होणारा बदल) −९.८ आणि जमीन शून्याच्या खाली असल्याने विस्थापन (सुरुवातीच्या बिंदूपासूनचं अंतर, दिशेसकट) −३९.२. चेंडू वर जात असो वा खाली येत असो, त्वरणाचं चिन्ह तेच राहतं. खालची दिशा धन धरली तरी चालतं, फक्त मध्येच बदलायची नाही.

विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळ², या सूत्रात हे आकडे घातले की:

−३९.२ = ९.८ × काळ − ४.९ × काळ²

दोन्ही बाजूंना ४.९ ने भागून मांडणी केली की काळ² − २ × काळ − ८ = ०. उत्तरं दोन: ४ आणि −२. सगळेच आकडे धन घेणाऱ्याला २ सेकंद मिळतात. चेंडू त्याच वेगाने खाली फेकला असता, तर ते बरोबर ठरलं असतं.

−२ हे उत्तर आपण खोडतो, पण ते निरर्थक नाही, उलट फार सुंदर आहे. दोन सेकंद आधी कोणी जमिनीवरून २९.४ मीटर प्रति सेकंद वेगाने चेंडू वर उडवला असता, तर तो नेमका आपल्या क्षणी, आपल्याच वेगाने गच्चीपाशी आला असता. आपला चेंडूही जमिनीवर आदळतो तो २९.४ नेच: ९.८ − ९.८ × ४ = −२९.४.

‘पडला म्हणजे शेवटचा वेग शून्य’ असं इथे लिहू नये. चेंडूला थांबवते ती जमीन. सूत्राची हद्द टेकण्याच्या क्षणापर्यंतच. वेग शून्य होतो तो १ सेकंदाने, गच्चीच्या ४.९ मीटर वर, आणि तिथेही त्वरण ९.८ च असतं. नाहीतर चेंडू हवेत तसाच राहिला असता.

वस्तुमान दिलेलं असलं तरी ते लागत नाही. हवेचा विरोध मात्र तपासावा. २ किलोमीटरवरून सुटलेल्या पावसाच्या थेंबाचा वेग या सूत्रांनी सुमारे १९८ मीटर प्रति सेकंद येतो. प्रत्यक्षात मोठा थेंबही साधारण ९ नेच पडतो. तिथे त्वरण स्थिर नसतं, त्यामुळे ही सूत्रं लागू होत नाहीत.