पार्श्वभूमी : घरच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता

नाशिकच्या सिडकोतल्या किंवा इंदिरानगरातल्या एखाद्या घरी कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावर कॉम्प्युटर ओळखण्याचा आकडा, १९२.१६८.१.५ खोडून १९२.१६८.१.२० टाकलं, तर हा बदल घराबाहेर कुणालाच कळत नाही. बाहेर इंटरनेटवर दिसणारा पत्ता वेगळाच असतो आणि तो आपल्या हातात नसतो. हे असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

आयपीची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये ठरली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे साऱ्या जगासाठी मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा जाळ्यावर होती ती मुख्यतः विद्यापीठं, संशोधन संस्था आणि अमेरिकी लष्कर, त्यामुळे वाटपही सढळ हातानं झालं. काही संस्थांना तर एकेकीला १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते मिळाले. आजच्या टंचाईचं मूळ बरंचसं इथंच आहे, असं मला वाटतं.

नव्वदच्या दशकात काटकसर सुरू झाली. १९९३ मध्ये डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटरला आपोआप पत्ता देण्याची पद्धत, आली आणि पत्ता मुदतीवर मिळू लागला. १९९४ मध्ये नॅट आलं, म्हणजे एका पत्त्याआड अनेक कॉम्प्युटर बसवण्याची सोय. फेब्रुवारी १९९६ मध्ये १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी कायम राखले गेले. म्हणूनच ते आज घरोघरी तेच दिसतात.

भारतात व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. डायल-अपवर दर जोडणीला सहसा नवा पत्ता मिळायचा, त्यामुळे फोन ठेवून पुन्हा लावला की पत्ता बदलला! पुढं केबलवाल्यांनी गच्चीगच्चीवरून वायर ओढून नेट दिलं, तेव्हा आयपी, सबनेट मास्क, गेटवे असे आकडे कागदावर लिहून मिळायचे आणि हातानं भरावे लागायचे. शेजाऱ्यानं चुकून तोच आकडा टाकला, की पडद्यावर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ची सूचना यायची आणि नेट बंद.

३ फेब्रुवारी २०११ ला पत्त्यांचा जगाचा मध्यवर्ती साठा संपला. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागात उरलेल्या पत्त्यांचं रेशनिंग सुरू झालं. मग एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी सेवा कंपन्यांसाठी राखून ठेवली गेली. आता नॅट कंपनीच्या पातळीवरही होतं आणि एकाच बाहेरच्या पत्त्याआड कित्येक घरं असतात.

आपल्याकडे काय आहे, हे राउटरच्या स्टेटस पानावर कळतं. ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, या १००.६४ ते १००.१२७ च्या पट्टीतला असेल, तर राउटर बंद-चालू करून पत्ता बदलला तरी तो पूर्णपणे आपला नसतो. दुकानातला सीसीटीव्ही घरून थेट त्या पत्त्यावर पाहायचा असेल, तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. आयपीच्या १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीत ही टंचाई नाही. तिथं विंडोजसारख्या प्रणाली कॉम्प्युटरचा तात्पुरता पत्ता ठरावीक काळानं आपणहून बदलतात.